ज्या बागांत माद्या जगल्या

कोष चिमटीत धरायचा आणि शेपटाकडचं टोक भिंगाखाली आणायचं. शेवटून तिसऱ्या कड्यावर बारीक उभी रेघ दिसली तर मादी. त्याच्या खालच्या कड्यावर दोन टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे दिसले तर नर. नर उजव्या ट्रेमध्ये, मादी डाव्या. डावा ट्रे भरला की गरम पाण्यात. दिवसाचे आठ तास हेच काम.

शर्मिला गवस एका तासात नऊशे कोष वेगळे करायची. तिच्याहून वेगवान फक्त वनिता राऊळ होती, आणि तीसुद्धा चष्मा नवा असेल तेव्हाच. त्या खोलीत चौरेचाळीस बायका बसायच्या आणि एकूणएक जुन्या काजू कारखान्यातल्या होत्या. वीस-वीस वर्षं टरफलाच्या तेलानं बोटं सोलवटून घेतलेल्या. अख्खा गर, पाकळी, तुकडा, डागी हे नुसत्या नजरेनं निवडणाऱ्या. मग सोलाईची आणि निवडीची यंत्रं आली, आणि एका पावसाळ्यात सगळ्याजणी घरी बसल्या. पुढे नवपंख नावाच्या कंपनीनं कासारखोलच्या माळावर पतंग वाढवायचं केंद्र काढलं आणि ह्याच बायका वेचून घेतल्या. वर्तमानपत्रांत आलं, ग्रामीण महिलांना आधार. आधार कसला? एवढ्या बारीक कोषाचं टोक ओळखणारं यंत्र तेव्हा बाजारात नव्हतं, आणि ह्या बायकांचे डोळे स्वस्तात मिळाले. बस.

पतंग दिसायला काहीच नाही. राखाडी, नखाएवढा. मादी अंडं घालते ते काजूचा रसाळ बोंडू आणि बी जिथं चिकटलेली असतात त्या खाचेत. अळी निघते ती त्या खाचेतूनच आत शिरते आणि आपल्याच घाणीनं मागचं दार बंद करून घेते. बाहेरून बी धडधाकट दिसते. फोडली की आत काळा भुगा. पूर्वी ह्या पतंगाच्या हंगामात दोन-तीन पिढ्या व्हायच्या. हिवाळे गरम झाले तशा सहा व्हायला लागल्या. फवारण्या वाढल्या, मधमाश्या संपल्या, पतंग मात्र तेवढेच राहिले.

नवपंखनं केलं ते असं. पतंगाच्या जनुकांत त्यांनी एक कळ बसवली. ही कळ फक्त मादीच्या शरीरात दाबली जाते. दाबली की पेशी एकच प्रथिन बनवत सुटतात आणि त्यातच गुदमरतात, अळी कोवळी असतानाच मरते. नराला काही होत नाही. तो मोठा होतो, रानातल्या माद्यांशी जुगतो, आणि त्याच्या पोटच्या मुली पुन्हा मरतात. मुलगे तीच कळ पुढे नेतात. असं चार-पाच पिढ्या चाललं की मादीच उरत नाही.

पण केंद्रात माद्या हव्यातच, नाहीतर अंडी कोण घालणार? म्हणून केंद्रातल्या अळ्यांच्या खाण्यात एक औषध घालत. एक जुनं प्रतिजैविक, माणसांना द्यायचं कधीच बंद झालेलं. ते पोटात असेपर्यंत कळ झोपून राहते. बागेत ते औषध कुठून मिळणार? तिथं मुली मरणारच. आणि निवड एवढ्यासाठी की केंद्रातल्या माद्या नरांबरोबर बागेत सुटल्या तर नर त्यांच्याच मागे लागतात आणि रानातल्या मोकळ्या राहतात.

पहिल्या दिवशी प्रशिक्षणात हे सगळं पडद्यावर दाखवलं तेव्हा शेवटच्या बाकावरून रोझलिन म्हणाली होती, "पाखरांतय तसाच गो? झील रवतत, चेडवां मरतत." झील म्हणजे मुलगे आणि चेडवां म्हणजे मुली; सगळ्या हसल्या. शिकवायला आलेला साहेब हसला नाही, त्याला कळलंच नव्हतं.

दोन वर्षं खरोखर चमत्कार झाला. कोणी खोटं बोलू नये. फवारणीचे पंप माळ्यावर गेले. शर्मिलाची थोरली जाऊ आनंदी हिच्या डोंगरीवर साठ कलमं होती. नवरा गेल्यापासून ती बाग तिनं एकटीनं सांभाळली होती. घरात चार माणसं बोलायला बसली की आनंदीला कोणी विचारत नसे, पण बागेत कोणाची हिंमत नव्हती तिच्यासमोर तोंड उघडायची. तिथं ती सांगेल तो दिवस आणि ती म्हणेल ती फांदी. त्या दोन वर्षांत तिची बी अशी भरली की व्यापारी मूठ उघडून बघायचेसुद्धा नाहीत.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत, सकाळी साडेसातला कंपनीची गाडी यायच्या आधी, आनंदी शर्मिलाच्या पडवीत आली आणि तिच्यासमोर पाच बिया ठेवल्या. पाचही फोडलेल्या, पाचांतही भुगा.

"परत इलीहत," एवढंच म्हणाली.

आठवड्याभरात कंपनीनं डॉक्टर वानखडेंना पाठवलं. निवेदिता वानखडे, अकोल्याची, तिशीतली बाई, पायात चिखलाचे बूट आणि डोळ्यांखाली काळं. ती बागांतून फिरली, अळ्या जमवल्या, सापळे लावले, सापळ्यांत सापडलेल्या पतंगांची जनुकं तपासली. ह्या माद्यांमध्ये कळ होती. जशीच्या तशी, बिघडलेली नाही. आणि तरी त्या जिवंत होत्या. तिला ते उलगडेना. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं निवडीच्या खोलीत नकाशा आणून टेबलावर पसरला आणि बायकांना विचारलं की ह्या ठिकाणांमध्ये काही सारखं आहे का, माती, पाणी, ओढा, काहीही.

नकाशावर चाळीसेक लाल ठिपके होते. बायका वाकून बघू लागल्या, आपापली वाडी शोधू लागल्या. शर्मिलानं बघितलं आणि तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ते ठिपके म्हणजे गाडीचा रस्ता होता. जिथं जिथं कंपनीची गाडी थांबते आणि एखादी बाई उतरते, तिथं तिथं ठिपका. नकाशावर खोलीतली हजेरी मांडली होती जणू.

एकच घर सुटलेलं. वनिताचं. तिच्या डाव्या-उजव्या दोन्ही बागा लाल, मधली तिची स्वच्छ. पतंग काय कुंपण बघून उडतो? माद्या तिच्याही बागेत गेल्याच असणार, अंडीही घातली असणार. पण तिथं मुली मेल्या.

वनिताचं घर माळकरी. कोंबडी दारात नाही.

शर्मिलानं भाकरी परत डब्यात ठेवली. डब्याचं झाकण लावलं आणि जागेवर जाऊन बसली. त्या दुपारी तिचे एका तासात सहाशेसुद्धा कोष झाले नाहीत.

गोष्ट अशी होती. अळ्या कोषात गेल्या की ट्रेमध्ये त्यांच्या खाण्याचा चोथा उरायचा. सोयाबीनचं पीठ, गव्हाचा कोंडा, साखर, यीस्ट, आणि ते औषध. चोथा भट्टीत जाळायचा असा नियम. पण पावसाळ्यात ओला चोथा पेटेना, भट्टी डिझेल पीत राहायची आणि वरून विचारणा व्हायची. तेव्हा सुपरवायझर प्रभुदेसाईनं एका शनिवारी मागचं गेट उघडलं आणि बायकांना सांगितलं, कोंबड्यांना न्या हवं तर. त्या भागात खाण्यासारखी वस्तू कोणी फेकत नाही. भाताचं पाणी गुरांना, माशाचं धुवण माडाला, शिळी भाकरी कोंबडीला. सोयाबीन आणि कोंडा जाळायचा? तिथल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती काठी घेऊन धावेल. बायकांनी पिशव्या भरून नेला. दर शनिवारी, दोन वर्षं.

कोंबड्या तरारल्या. आणि कोंबडी औषध खाते तेव्हा त्यातलं बरंचसं तसंच बाहेर टाकते. खुराड्यातली घाण गोळा करून नागपंचमीच्या आधी काजूच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात घालायची, वर पालापाचोळा दाबायचा, ही तिथली रीत, आज्जीपणजीपासूनची. झाड मुळांतून थोडंसं औषध ओढतं, अगदी नखभर. पण एवढ्याशा अळीला नखभर पुष्कळ झालं. ज्या झाडाच्या बुंध्याशी ते खत पडलं त्या झाडाच्या बोंडवात कळ झोपून राहिली. मुली जगल्या.

ज्यांनी कष्टानं खत घातलं त्यांच्याच बागा गेल्या. आळशांच्या वाचल्या. असला न्याय.

आणि एक गोष्ट शर्मिलाला आतून कुरतडत होती, ती म्हणजे पिशव्यांवर लिहिलं होतं. इंग्रजीत आणि हिंदीत. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण 'नष्ट करें' तिला वाचता येत होतं. तिनं ते पहिल्याच शनिवारी वाचलं होतं. वाचून पिशवी उलटी करून घरी नेली होती, लिहिलेलं आत येईल अशी.

नवरा रविवारी गोव्याहून आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि गप्प बस म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. औषधाचा अंश सापडला की त्या बागांतली बी परदेशात कोणी घेणार नाही, आणि परदेशात गेली नाही तर इथंही कोणी हात लावणार नाही. गावातल्या अर्ध्या घरांवर शिक्का बसेल. आणि न सांगितलं तर? तर कंपनी पुढच्या वर्षी दुप्पट पतंग सोडेल, ह्याच बागांत त्यांच्या मुली जगतील, तिथून साऱ्या तालुक्यात पसरतील, आणि माळ्यावरचे पंप सगळ्यांनाच खाली काढावे लागतील. सांगावं तर गाव मारणार, न सांगावं तर पतंग. तो परत जाताना म्हणाला, तूच एकटी शहाणी कशाला होतेस. हेही खोटं नव्हतं.

बुधवारी प्रभुदेसाईनं तिला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याच्यासमोर टाइप केलेला कागद होता. निवड करताना काही माद्या नजरचुकीनं नरांच्या ट्रेमध्ये गेल्या असाव्यात, त्यामुळे प्रादुर्भाव झाला, अशी खोलीतल्या बायकांची कबुली. सगळ्यांत जुनी म्हणून पहिली सही शर्मिलाची.

"शर्मिलाताई, तुमच्यावर कोणी बोट दाखवत नाही," तो म्हणाला. "नजर काय, कोणाचीही चुकते. शुक्रवारी पंचायतीत मीटिंग आहे, तिथं वाचून दाखवलं की विषय संपला. निवडीचं यंत्र येतंच आहे आता. तुम्हाला सगळ्यांना दुसरं काहीतरी बघू."

त्याला चोथ्याचं माहीत होतं का? होतं. त्याच्या बोलण्यात गेट कुठंच आलं नाही, त्यावरूनच कळलं. माहीत नसतं तर त्यानं विचारलं असतं. कळ बिघडलेली नाही, बायकांची नजर बिघडली, असं ठरलं की कंपनीचा पतंग बाजारात शाबूत आणि बायका फुकटात बाहेर. कागद चांगला लिहिला होता. कोणीतरी शिकलेल्यानं लिहिला होता.

शर्मिलानं चहा प्यायला, कारण तो समोर होता. कागद घडी करून कमरेला खोचला आणि शुक्रवारी सांगते म्हणाली.

संध्याकाळी ती आनंदीकडे गेली. आनंदी खुराड्यापाशी राख पसरत होती. शर्मिलानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नकाशा, गाडी, वनिताची बाग, चोथा, कोंबड्या, औषध. पिशवीवरचं लिहिलेलं सांगितलं, तेव्हा आवाज खाली गेला, पण सांगितलं.

आनंदी राख पसरत राहिली. खुराड्याचं दार लावलं, आकडा घातला. मग एकच विचारलं, वनिताच्या बागेत एकसुद्धा नाही का. शर्मिला नाही म्हणाली.

"म्हणजे मी घातलंय," आनंदी म्हणाली. "तू हाडलंस, पण घातलंय मी. टोपली डोक्यार घेवन. साठव झाडांक."

शर्मिलाला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. आनंदीनं हात धुतले आणि ती भात लावायला आत गेली. शर्मिला अंगणात थोडा वेळ उभी राहिली. आत बोलावणं आलं नाही.

शुक्रवारी अकरा वाजता पंचायतीच्या हॉलमध्ये माणसं बाहेरपर्यंत उभी होती. प्रभुदेसाईनं आधी कंपनीनं तालुक्यासाठी काय काय केलं ते सांगितलं, मग घसा साफ करून त्या कागदाची आपल्याकडची प्रत वाचली. नजरचूक हा शब्द तो फार हळुवारपणे उच्चारत होता, आजारी माणसाबद्दल बोलतात तसा. बायका माना खाली घालून बसल्या होत्या. बहुतेकींनी सह्या केल्या होत्या. नोकरी गेलीच आहे तर निदान भांडण नको, एवढाच त्यांचा हिशोब, आणि तो समजण्यासारखा होता. मग त्यानं शर्मिलाकडे पेन पुढे केलं.

ती उठली. समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"माजी नजर चुकाक नाय," ती म्हणाली. "हेंतल्या एकीचीय चुकाक नाय. चोथो मी घरी नेलंय. दोन वर्सां. पिशयेर नष्ट करा म्हणान लिवलेला, ता मी वाचलंय आणि तरी नेलंय. कोंबड्यांक घातलो, कोंबड्यांचा खत झाडांक. म्हणान माद्यो जगल्यो. माजा चुकला ता मी सांगलंय. आता मागचा गेट कोणी उघडल्यान, ता तुमी सांगा."

प्रभुदेसाई पेनाचं टोपण लावत राहिला, ते लागेना. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्यातला बहुतेक आवाज शर्मिलाच्या विरुद्ध होता. आमच्या घरांचं नाव कशाला घेतलंस. आमची बी आता कोण घेणार. रोझलिन, जी सगळ्यांत जास्त चोथा न्यायची, ती तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेली. फक्त डॉक्टर वानखडे वहीत भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि खत किती महिन्यांपूर्वी घातलं एवढंच विचारलं. चेहऱ्यावर आनंदासारखं काहीतरी होतं आणि त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटत होती.

आठ दिवसांनी तपासणी आली. मातीत औषध, पानात औषध, बोंडवात औषध. शर्मिलाचं शब्दशः खरं निघालं. खरं निघाल्यावर काय होतं ते सांगतो. कंपनीनं पत्रक काढलं की कामगारांनी नियम मोडून धोकादायक माल पळवला. प्रभुदेसाईची मुख्य कार्यालयात बदली झाली, म्हणजे बढती. यंत्र आलं. चौरेचाळीस बायका घरी. वनितासुद्धा, जिनं चिमूटभर चोथा नेला नव्हता. डॉक्टर वानखडेंच्या अहवालात गेटचा उल्लेख होता, छापून आला त्यात नव्हता. व्यापाऱ्यांनी यादी मागवून त्या त्रेचाळीस बागांवर फुली मारली.

जाण्याआधी वानखडे घरोघर फिरल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. औषध मातीत कायम राहत नाही, एक-दोन पावसाळ्यांत धुऊन, सडून संपतं. पण तोवर ह्या झाडांवर मादीला जगायला जागा मिळता कामा नये. मोहर, कोवळी बी, बोंडू, सगळं आत्ता उतरवायचं आणि जाळायचं. एकेका झाडाचं, एकही घोस न ठेवता. बी तशीही विकली जाणार नाही, निदान तालुका वाचेल. निम्म्याहून जास्त घरांनी दार उघडलं नाही. उभ्या हंगामात फुलावर आलेलं झाड ओरबाडायचं? गाभण गाय कोणी मारतं का? आणि कोणाच्या तालुक्यासाठी? त्यांना शिव्या देणं सोपं आहे. मी देणार नाही.

शर्मिलाच्या दारात दहा दिवस कोणी आलं नाही. नळावर ती गेली की बोलणं थांबायचं. दुकानदार सामान द्यायचा, पण काउंटरवर ठेवून, हातात नाही. आनंदीकडून पूर्वी रोज काहीतरी यायचं, वाटीभर आमटी, दोन भोकरं, ते बंद झालं. दोन्ही घरांत एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे भांडी वाजलेली ऐकू यायची. नवऱ्यानं रविवारी यायचं टाळलं.

अकराव्या दिवशी सकाळी कोयत्याचा आवाज आला. शर्मिला मागच्या दारानं बघायला गेली. डोंगरीवर आनंदी एकटी होती. कमरेला गोणपाट बांधलेलं, पदर खोचलेला. सगळ्यात वरच्या बांधावरच्या झाडापासून तिनं सुरुवात केली होती. हे झाड तिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी लावलेलं, घागरीनं पाणी घालून वाढवलेलं. मोहराचे तुरे खुडून ती गोणपाटात टाकत होती. हिरव्या बियांचे घोस पिरगाळून काढत होती, त्यांचा चीक मनगटावर ओघळत होता आणि तो भाजतो हे तिला माहीत होतं. उंचावरचं हाताला येईना तेव्हा कोयता. जमिनीवर तांबूस-पांढरा सडा पडला होता, आणि त्याचा गोड वास माळभर.

शर्मिला चढून वर गेली. धाप लागली. साठ झाडं. ह्या वर्षी काही नाही, पुढच्या वर्षी कदाचित काही नाही, आणि बाकीच्यांनी केलं नाही तर हे सगळं वायाच. खाली वाडीत कोणाच्याही बागेत हालचाल नव्हती. दोन माणसं कुंपणापाशी उभी राहून बघत होती, मग निघून गेली.

"वयनी," शर्मिला म्हणाली, "माजेर राग आसा मां?"

आनंदीनं तिच्याकडे बघितलं नाही. तिची नजर वरच्या तुऱ्यावर होती, हाताला एक वीतभर कमी पडत होता.

"राग मगे," ती म्हणाली. "आदी ही फांदी वाकव."

शर्मिलानं दोन्ही हातांनी फांदी धरली आणि खाली ओढली.